खिचडीला लागलेले पाच तास

सोपानच्या मुलाचा, नितीनचा फोन आला तेव्हा मी संध्याकाळच्या भातासाठी तांदूळ धूत होतो. "काका, आबा गेले," तो म्हणाला. "दुपारी जेवून आडवे झाले, चारला चहासाठी उठवायला गेलो तर..." मी विचारू नये ते विचारलं, "शेवटचं काय बोलला रे?" नितीन म्हणाला, "आमटीला मीठ कमी हाय, म्हणाले." फोनच्या दोन्ही टोकांना आम्ही हसलो, आणि हसता हसताच मला रडू फुटलं. हातातले तांदूळ तसेच पाण्यात राहिले. सोपान असता तर म्हणाला असता, "गुरुजी, रडून घे, पण तांदूळ निथळत टाक आधी."

सोपानराव शिंदे, वारज्याचे. गावाची शेती होती तेव्हापासूनचं त्यांचं घर. शेतात इमारती उभ्या राहिल्या तरी ह्याच्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'न्हाई' काही गेलं नाही. ट्रक ड्रायव्हर म्हणून त्यानं पस्तीस वर्षं काढली. त्यातली जवळजवळ चार वर्षं मी त्याचा जोडीदार, म्हणजे त्याच गाडीवरचा दुसरा ड्रायव्हर होतो. मी शनिवार पेठेतला. एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. छापखाना बंद पडला तेव्हा वय पस्तीस, घरात दोन मुलं आणि खिशात कधी काळी हौसेनं काढलेलं अवजड वाहनाचं लायसन एवढंच होतं. वडील कारकून. ते म्हणाले होते, "महिन्याभरात परत येशील. तुला साधी पोळी भाजता येत नाही, तू रस्त्यावर काय खाणार?" वडिलांना सोपान माहीत नव्हता.

आमची लाइन पुणे ते बंगळूर. पहिल्याच खेपेला गाडी कात्रजचा घाट उतरली आणि सोपाननं मला सीटमागच्या खुंटीवरची ओली पुरचुंडी दाखवली. "मटकी हाय. घरून भिजवून आणलीय. साताऱ्याला तिच्यावर पाणी शिंपडायचं, कोल्हापूरला फडकं बदलायचं. इंजिनाची ऊब लागती, चित्रदुर्गला मोड येत्यात." मला वाटलं थट्टा करतोय. चित्रदुर्गला त्यानं पुरचुंडी सोडली तर मटकीला नखाएवढे पांढरे मोड होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात त्या रस्त्याचा नकाशाच वेगळा झाला. गावांची अंतरं किलोमीटरमध्ये राहिली नाहीत. डाळ भिजायला एक जिल्हा, मटकीला मोड यायला दीड राज्य.

गाडीच्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे, त्याची एक लोखंडी पेटी होती. तिच्यात पंपाचा स्टोव्ह, तीन लिटरचा कुकर, तवा, परात, मसाल्याचा डबा, आणि कांदे ठेवायला एक जुनं हेल्मेट. हेल्मेट कुणाचं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. ढाबे त्याला वर्ज्य नव्हते, तिथे चहा प्यायचा, गप्पा मारायचा, पण जेवायला थांबायचा नाही. "ढाब्यावर जेवलं की झोप येती. आपलं जेवलं की गाडी चालवावीशी वाटती." ढाबा जिथे असेल तिथे नाही, तर पाणी आणि सावली जिथे असेल तिथे तो गाडी लावायचा. तुंगभद्रेच्या अलीकडची एक चिंच, हुबळीच्या पुढचं एक पाटाचं पाणी, असे त्याचे ठरलेले थांबे होते. रांधायला, जेवायला आणि आवरायला मिळून पाऊण तास. घड्याळ लावून बघा, एक मिनिट वर नाही. तोवरच्या तेवीस वर्षांत त्याचा माल एकदाही उशिरा पोचला नव्हता, आणि ह्याचा त्याला चांगल्या खिचडीपेक्षाही जास्त अभिमान होता. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण हा सगळा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहितो आहे.

आमच्यात कामं वाटलेली होती. जो रांधतो तो भांडी घासत नाही, म्हणजे भांडी नेहमी मी घासायची. आणि मी वाचणारा-लिहिणारा, म्हणून तो मला गुरुजी म्हणायचा आणि गाडीचे कागद माझ्याकडे. "कागद गुरुजींकडं, कांदे माझ्याकडं," असं तो नाक्यावरच्या लोकांनाही सांगायचा. त्याचा आणखी एक नियम होता. शिजवताना तांदूळ मोजून झाले की एक मूठ जास्त टाकायची. "कुणासाठी?" मी पहिल्यांदा विचारलं होतं. "आल्यावर कळंल," तो म्हणाला. आणि खरंच कुणी ना कुणी यायचं; टायर फुटलेला एखादा, मेंढरांमागून चालणारा, कधी नुसताच वास घेत आलेला.

सोपानला ओळखणाऱ्या प्रत्येकाला खिचडीची गोष्ट माहीत आहे. खिचडी खायची म्हणून सोपानरावांनी ट्रक पाच तास थांबवला, बंगळूरच्या कारखान्याचं मशीन बंद राहिलं, आणि गाडीमालक शेठनी त्यांना लाइनवरून काढलं. ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर त्याला 'खिचडीमास्तर' म्हणायचे. लग्नात, बारशात, निवृत्तीच्या सत्काराला ही गोष्ट निघायचीच, आणि ती सगळ्यात रंगवून सांगणारा मी होतो. पापड मी घातले, लिंबाचं लोणचं मी घातलं, "भुकेला गिअर नसतो" हे वाक्य त्याच्या तोंडी मी घातलं. तो शेजारी बसून सगळ्यांबरोबर हसायचा.

त्याच्या तेराव्याला जेवणं झाल्यावर नितीनची मुलगी सई उभी राहिली. हिंजवडीला नोकरी करते, आजोबांवर फार जीव. मोबाइलवर लिहून आणलेलं वाचत होती. "आबा म्हणजे ओरिजिनल फूडी. खिचडीसाठी चक्क पाच तास ट्रक पार्क करणारा माणूस. आय मीन, प्रायॉरिटीज एकदम क्लिअर होत्या." सगळे हसले. मग ती माझ्याकडे वळली, "मधुकाका, तुम्ही सांगा ना. तुम्ही होतात ना तिथे." मी उठलो. वाटलं होतं, आज खरं सांगावं. आणि मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली, पापडासकट. लोक डोळे पुसत हसत होते. कोपऱ्यात बसलेल्या शकूवहिनी, म्हणजे सोपानची बायको, म्हणाल्या, "गेल्यावर तरी ती खिचडी सोडा म्हणावं त्यांची." त्यावर अजून हशा झाला. मीही हसलो आणि खाली बसलो.

झालं होतं ते असं. चित्रदुर्गच्या पुढे, सकाळी दहाच्या सुमारास आम्ही एका झाडाखाली थांबलो होतो. तिथला वारा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. स्टोव्ह पेटला की विझायचा. आडोशाला आमच्याकडे एक पत्रा होता, पण पुण्यात गाडी धुताना तो मी गॅरेजमध्येच विसरलो होतो. मग मला युक्ती सुचली. गाडीच्या कागदांची जाड पुठ्ठ्याची मोठी फाईल होती, ती मी उघडून स्टोव्हपासून वीतभर अंतरावर दगडाला टेकवून उभी केली. ज्योत शांत झाली. सोपान कांदा चिरत होता, वळून म्हणाला, "शाबास गुरुजी, छापखान्यानं काहीतरी शिकवलं म्हणायचं." त्या कौतुकानं मी फुगलो. जेवलो, भांडी घासली, स्टोव्ह-कुकर पेटीत भरले, पेटीला कुलूप लावलं, आणि निघालो. दोन तासांनी कागद तपासायचा नाका आला, मी सीटखाली हात घातला, आणि फाईल नव्हती.

सोपान ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "उभी हाय का आडवी?" मी म्हटलं, "उभीच ठेवली होती." "मग उडाली नसंल," असं म्हणून त्यानं गाडी वळवली. परतीला आणखी दोन तास गेले. झाडाशी पोचलो तर फाईल उभी नव्हती. एका म्हातारीच्या मांडीवर होती. मेंढपाळांपैकी असावी, तिची माणसं आणि मेंढरं पार पुढे टेकडीवर गेली होती. वाऱ्यानं फाईल पडली, कागद उडायला लागले, तेव्हा तिनं ते वेचले, फाईलमध्ये घातले आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली. कुणीतरी शोधत येईल म्हणून. एकही कागद कमी नव्हता. आम्हाला कानडी येत नव्हतं, पण सोपानला जेवणापुरतं यायचं. त्यानं विचारलं, "ऊटा आय्ता, अज्जी?" जेवलीस का, आजी? तिनं नाही म्हणून मान हलवली. तिची भाकरी पुढे गेलेल्या माणसांबरोबर होती.

मी म्हटलं, "सोपान, पैसे देऊ आणि निघू. सहाला कारखान्याचं गेट बंद होतं." तो पेटीचं कुलूप काढत होता. "गेट तसंबी गाठत न्हाई आता," तो म्हणाला. "चार तास तिनं आपली भाकर राखली, गुरुजी. तिला उपाशी ठेवून कुठं जातोस?" आणि त्यानं खिचडी टाकली. मी दोन्ही हातांनी माझा सदरा धरून स्टोव्हला आडोसा केला. अर्धा तास लागला. म्हातारी दोनदा मागून जेवली, उरलेली तिनं पदराच्या कोपऱ्यात बांधून घेतली, सोपानच्या गालावरून हात फिरवला आणि टेकडीकडे चालू लागली. पाच तासांतला खिचडीचा वाटा एवढाच. बाकीचा सगळा माझा.

पुण्यात परतलो त्या दिवशी सोपान गाडी लावायला गेला आणि मी आधी ऑफिसात शिरलो. शेठ तापलेले होते. कारखान्याचं मशीन आमच्या गाडीतल्या सुट्या भागासाठी एक दिवस बंद राहिलं होतं. "कुठे थांबला होतात?" त्यांनी विचारलं. आधीच्या वर्षी मी गाडी एका पुलाच्या कठड्याला घासली होती. आणखी एक चूक झाली तर घरी, अशी तंबी मला मिळाली होती. मी म्हटलं, "चित्रदुर्गच्या पुढे... सोपाननं खिचडी टाकली होती." आणि तेवढ्यावर थांबलो. एक शब्द खोटा नव्हता. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला हे चांगलं कळतं की मधल्या चार ओळी गाळल्या तर उरलेला मजकूर शुद्धच दिसतो.

"खिचडीसाठी पाच तास?" शेठ म्हणाले. मी खाली बघितलं. तेवढ्यात सोपान आत आला. शेठ त्याला म्हणाले, "जेवायची एवढी हौस असेल तर घरी जेवत जा, सोपान. उद्यापासून लोकलला." लोकल म्हणजे भोसरी, चाकण, मार्केट यार्ड, सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी, डबा बरोबर. सोपाननं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाला, "बरं."

जिन्यात मी त्याचा हात धरला. मी आत जाऊन सांगतो, म्हटलं. तो म्हणाला, "खिचडी टाकली व्हती का न्हाई?" "टाकली होती." "मग. खोटं काय बोललास? आता आत गेलास तर तुझी नोकरी जाईल आणि माझी लाइन काय परत मिळायची न्हाई. शेठ शब्द फिरवत न्हाई." मी म्हटलं, महिन्याभरात, शेठ शांत झाले की सांगतो. तो महिना कधी आला नाही. सोपान निवृत्त होईपर्यंत लोकलवरच राहिला, मग शेठ गेले, ऑफिसही बंद झालं. बंगळूर लाइन मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्टोव्ह, कुकर आणि मसाल्याचा डबा माझ्या हवाली केला. लोकलला ते कशाला, म्हणाला. बरोबर एक नवी वस्तू होती. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा कापून, तीन पत्रे बिजागऱ्यांनी जोडून त्यानं एक आडोसा केला होता. उघडला की स्टोव्हभोवती उभा राहायचा, मिटला की पाटीएवढा. "आता फायलीला सुट्टी दे," तो म्हणाला. त्या प्रकरणावर तो आयुष्यात जे बोलला त्यातलं हे सगळ्यात कडक वाक्य.

मला स्वयंपाक येत नव्हता. मग मी रस्त्यातल्या बूथवरून वारज्याच्या किराणा दुकानात फोन लावायचो आणि दुकानदार सोपानला हाक मारायचा. "पाणी किती घालू?" "बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत." घातलं तर भाताची पेज झाली. दुसऱ्या दिवशी मी तक्रार केली. तो शांतपणे म्हणाला, "माझं पेर म्हणालो मी. तुझी बोटं लांब, कारकुनाची. तू पहिल्याच पेराला थांब." अशा फोनवर मी भात शिकलो, पिठलं शिकलो, आणि एकदा बेळगावहून भरली वांगीसुद्धा, त्याला दुकानातल्या चार गिऱ्हाइकांनी मध्ये मध्ये सूचना केल्या.

पण सोपानचं स्वतःचं काय झालं, हे मला फार उशिरा दिसलं. शकूवहिनींनी ती गोष्ट अड्ड्यावरच्या लोकांकडून ऐकली होती, आणि ती त्यांना लागली. लाइनचा भत्ता गेला, नवऱ्याचं नाव झालं ते असं. त्यांनी त्याला चुलीजवळ येऊ दिलं नाही. "पाच तास घालवले तेवढे पुरं. माझ्या घरात न्हाई." तो बाहेरच्या खोलीत बसून नुसता वास घ्यायचा. "शकू, मोहरी करपली." "दिसतंय मला." मी तिथे चहा पीत बसलेला असायचो आणि हसायचो. इतका चांगला रांधणारा माणूस, त्याच्या बायकोनं त्याच्या हातचा एक घास कधी खाल्ला नव्हता.

माझी पत्नी गेल्यावर मात्र तो दर गुरुवारी बसनं कर्वेनगरला माझ्याकडे यायला लागला. घरी सांगायचा, गुरुजींकडं पेपर वाचायला जातो. खिशात मोड आलेली मटकी असायची. माझ्या दोन शेगड्यांच्या ओट्यावर तो असा उभा राहायचा की जणू मागे बत्तीस टनी गाडी उभी आहे. खिडकीतून वारा येतो म्हणून गॅसभोवती तोच पत्रा लावायचा. पाऊण तास. मग दोघं जेवायचो, भांडी मी घासायचो. नऊ वर्षं असे गुरुवार गेले. एकदा मी म्हटलं, वहिनींना खरं सांगून टाकतो. तो वाटी पुसून खात होता. "नको. ती म्हणंल, मग इतकी वर्षं गप का बसलात. खिचडीची बोलणी खाल्ली, आता गप बसल्याची खाऊ? तू सांगितलंस तर मी म्हणंन, गुरुजींना भ्रम झालाय." मला ते सोयीचं होतं. मी हसलो आणि विषय सोडला.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी मी वारज्याला गेलो. वहिनी मेथी निवडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं; फाईल, म्हातारी, शेठ, आणि गाळलेल्या चार ओळी. त्यांचा हात थांबला नाही. एक जुडी संपली, दुसरी घेतली. मग म्हणाल्या, "म्हंजे गुरुवारी पेपर वाचायला..."

"स्वयंपाक करायला यायचा."

"तरीच. घरी आले की जेवायचे न्हाईत. मला वाटायचं वयानं भूक गेली. एकदा डॉक्टरकडं नेऊन आणलं मी त्यांना." त्या हसायला लागल्या आणि हसताना त्यांनी तोंडाला पदर लावला तो बराच वेळ काढला नाही. नंतर म्हणाल्या, "मी लई बोलले त्यांना, भावजी."

"मी बोललो नाही म्हणून," मी म्हटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही वेगळं सांगितलं नाही, आणि मला ते योग्य वाटलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला एकटीला सांगून काय उपेग? जे हसले त्यांना सांगा. त्या सईनं फोनवर टाकलंय ते, मांडव भरून लोकांनी वाचलंय." म्हणून हा लेख. सोपानराव शिंदे ह्यांचा माल आयुष्यात एकदाच उशिरा पोचला, आणि तो माझ्यामुळे. ज्यांना मी ती गोष्ट पापडासकट सांगितली त्या सगळ्यांना माझी विनंती आहे की ह्यापुढे ती अशी सांगावी.

निघताना वहिनींनी मला थांबवलं. "ते खिचडी करायचे ती तुम्हाला येती का?" मी म्हटलं, त्याच्याइतकी नाही, पण त्याच्याकडूनच शिकलोय. "मग येत्या गुरुवारी या," त्या म्हणाल्या. "भांडी मात्र तुम्हीच घासायची."

गुरुवारी मी बसनं गेलो, पिशवीत मसाल्याचा डबा आणि तो पत्रा. वहिनी ओट्यापासून लांब, उंबऱ्यात पाट टाकून बसल्या; सोपान बाहेरच्या खोलीत जिथून वास घ्यायचा त्याच्या जवळच. मी तांदूळ मोजले, एक मूठ जास्त टाकली, पाणी पहिल्या पेराशी थांबवलं. खिडक्या बंद होत्या, वाऱ्याचा मागमूस नव्हता. तरी मी पत्रा उघडला आणि गॅसभोवती उभा केला. वहिनींनी तो का, हे विचारलं नाही. ताट वाढलं, त्यांनी पहिला घास घेतला, सावकाश खाल्ला, दुसरा घेतला. मी उभाच होतो.

"मीठ बरोबर हाय," त्या म्हणाल्या.